कागदावर धाप लागत नाही

मोन्तेविदेओ,
७ मार्च २०१७

तीर्थरूप दादास,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी वाकायची परवानगी दिली आहे तेवढाच.

टक्… टक्… टक्. आज दुपारी डोळा लागता लागता तो आवाज ऐकला आणि मी थेट आपल्या पत्र्याखालच्या घरात जाऊन पोचलो. सगळे वामकुक्षीत, माश्यासुद्धा भिंतीला चिकटून गप्प, आणि मधल्या खोलीत बाबांच्या छातीतली ती पिंजऱ्यातली गोळी वर-खाली होते आहे, कोणी सावकाश चमच्याने बशी वाजवावी तशी. काळजात यंत्राची झडप बसवून आलेला आपल्या भागातला पहिला माणूस! आई म्हणायची की आता घड्याळाला किल्ली द्यायचं एक काम वाचलं.

आणि पत्त्यांतले त्रुकोचे डाव आठवतात का? हातात भिकार पानं घेऊन बाबा असे गरजायचे की समोरचा चांगली पानं टाकून उठून जाई. गोळी बसली आणि सगळी विद्या मातीत गेली. चेहरा दगडाचा, पण छाती चुगलखोर! पानं चांगली आली की टक्‌टक्‌टक्‌ सुरू. समोर बसलेले डॉन उबाल्दो मिशीत हसून पानं खाली ठेवायचे. भर उन्हाळ्यात लोकरीचा पोंचो गुंडाळून बाबा खेळायला बसले होते, ते घामाने निथळत उठले आणि तरी हरलेच.

तुझं-माझं त्या मानाने बरं. तुझ्या झडपेत डुक्कर, माझ्या झडपेत वासरू, आणि दोघंही मुकी. आपण कितीही थापा मारल्या तरी कोणाला ऐकू जात नाही.

तर शाळा उघडल्या, म्हणजे आपल्या वार्षिक शर्यतीचा आठवडा आला. नियम तू सोयीने विसरतोस म्हणून पुन्हा लिहितो. आपल्या शाळेच्या आऊरेलियाबाईंची ‘गवताची लेकरं’ ही कविता चढावर चालत, न थांबता, खणखणीत आवाजात म्हणायची. ज्या कडव्याला धाप लागेल तो आपापल्या जनावराचा निकाल. तू ओढ्यापासून पवनचक्कीपर्यंत, मी किनाऱ्याच्या रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत. बाईंच्या काव्यगुणांबद्दल तू जे बोलतोस ते बोलत राहा, पण

उठा गवताच्या लेकरांनो, उजाडले रानात,
धुक्याची दुलई सारा, चला नव्या दिवसात!

एवढं म्हटलं की आजही माझ्या पायात दवाने भिजलेल्या चपला येतात, आणि शाळेच्या पांढऱ्या झग्यावरचा निळा बो हनुवटीला टोचायला लागतो.

परवा मी बगळ्याच्या कडव्यापर्यंत पोचलो. शेवटून तिसरं! कोपऱ्यावरच्या पाववालीने धावत येऊन विचारलं की आजोबा, घरचं कोणी बोलवू का. मी म्हटलं की ही वैद्यकीय तपासणी आहे. ती म्हणाली की तपासणी समजली, पण त्यासाठी इतकी वाईट कविता कशाला.

खऱ्या डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. माझं वासरू उत्तम चाललं आहे. मी त्यांना सरळ विचारलं की डुक्कर चांगलं की वासरू. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या की हजारो रोगी वर्षानुवर्षं तपासून विद्वान अजून भांडताहेत. गुरांच्या काळजाभोवतीच्या पिशवीतून शिवलेली झडप जास्त मोकळी उघडते म्हणे, रक्ताला वाट सोपी होते. डुकराची झडप जन्मापासून झडपच, तिचा घाट आयता. आणि कोणती किती टिकेल हे ज्याच्या त्याच्या शरीरावर. झिजतात मात्र दोन्ही. थोडक्यात, विज्ञानाने हात वर केले आहेत. आता पवनचक्की सांगेल ते खरं.

हल्ली तू फोनवर येत नाहीस. वहिनीला विचारावं तर तू गुरांकडे गेलेला. दर वेळी? गुरांनाही कंटाळा येत असेल.

लोभ आहे तेवढाच असू द्यावा. एकदम वाढवलास तर माझ्या वासराला झेपायचा नाही.

तुझा,
अल्सिदेस

*

ओढ्याकाठचं घर, तकुआरेम्बो,
१४ मार्च २०१७

चिरंजीव (वासराच्या कृपेने) अल्सिदेस यास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, हवे असतील तेवढे घे.

बगळ्यापर्यंत पोचलास हे वाचून डोळे भरून आले. शाळामास्तराच्या मानाने बरंच म्हणायचं. मी सोमवारी सकाळी मॅटेच्या कडू काढ्याचा तुंबा रिकामा करून निघालो, ओढ्यापासून पहिलं कडवं उचललं, चिखलाचं, उताराचं, बगळ्याचं अशी सगळी कडवी एका दमात मागे टाकत पवनचक्कीला जाऊन टेकलो, आणि तरी श्वास उरला म्हणून शेवटचं कडवं गाईंना तोंड करून पुन्हा म्हणून दाखवलं; त्यांनी रवंथ थांबवला नाही, यावरून त्यांनाही साहित्याची जाण आहे हे दिसलं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा निरोप दे. काळजाभोवतीची ती पिशवी मी पन्नास वर्षं जनावर कापलं की पहिल्यांदा कुत्र्यांपुढे टाकली. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला ती फार आवडते असंही नाही. तीच तुझ्या छातीत सोन्याच्या मोलाने शिवली आणि तू वर तिचं कौतुक लिहितोस. शिंप्याचं काम ते! माझं डुक्कर मुळातच झडप घेऊन जन्माला आलं होतं, त्याला कोणी कातरून शिकवलेलं नाही. तेव्हा या वर्षीचा निकाल लावून टाकू: डुक्कर पहिलं, वासरू शर्यतीत सामील झाल्याबद्दल आभार.

मात्र हे गावात कुणापुढे बोलायचं नाही. इथल्या क्लबात सगळ्यांना वाटतं की माझ्यातही वासरूच आहे. आयुष्यभर गुरं पाळलेल्या माणसाच्या छातीत डुक्कर आहे हे कळलं तर मला त्रुकोला कोणी जोडीदार मिळायचा नाही.

फोनचं म्हणशील तर फोन घाई असलेल्यांसाठी असतो. मला घाई नाही. बसवाल्या वाल्दिरकडे चीज पाठवलं आहे, फडक्यात बांधलेलं. अर्धं तो खाईल, उरलेलं तुझं.

कृपा मागायची तर पाववालीकडे माग, आमची कृपा चीजच्या रूपाने तुझ्याकडे येतच असते.

ओलेगारियो

*

ओढ्याकाठून,
१७ मार्च

अल्सिदेस भावोजींना झुल्माचा नमस्कार.
हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावं. तुमच्याकडे चूल नसेल तर खाऊन टाकावं. तुमच्या दादांच्या हाती पडलं तर पुढची दहा वर्षं मला ऐकावं लागेल, आणि त्यांच्याकडे दहा वर्षं आहेत की नाहीत, त्याच कारणाने लिहिते आहे.

पवनचक्कीपर्यंत ते गेले हे खरं. गाडी मी चालवत होते. काच खाली करून, शेजारी बसून त्यांनी कविता म्हटली. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर श्वास संपला. मग बराच वेळ खिडकीबाहेर हात काढून गाईंना काहीतरी खुणा करत राहिले, जणू म्हणून झालं आहे. मी रस्त्याकडे बघत होते. बघण्यासारखा रस्ता नव्हता तो, भावोजी.

ते फोनवर का येत नाहीत हे आता कळलं असेल. चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो आणि ते तुम्हाला ऐकू जाईल. कागदावर धाप लागत नाही, म्हणून पत्रं लांब लांब. तुम्हाला वाटलं असेल दादांना म्हातारपणी भाषा सुचायला लागली. झोपतात खुर्चीत बसून. पाय इतके सुजतात की दोरीच्या चपलांच्या टाचा मी कात्रीने कापून दिल्या; क्लबात सांगतात की नवी फॅशन आहे.

तकुआरेम्बोच्या डॉक्टरांनी सांगितलंय की डुकराची झडप ताठरली आहे आणि गळतेही आहे. छाती उघडायची गरज नाही, जांघेतल्या शिरेतून नवी झडप आत नेऊन जुनीच्या आतच उघडायची. पण ते मोन्तेविदेओला, आणि लवकर. १९ एप्रिलला दाखल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी काम, असं ठरवून दिलंय. नाही केलं तर पुढची लोकर कातरणी ते बघणार नाहीत, असं डॉक्टर त्यांच्या तोंडावर म्हणाले. हे म्हणाले की तशी मला लोकर कधी आवडली नाही.

हे जायला नाही म्हणतात, आणि त्याची दोन कारणं देतात. पहिलं मला समजतं. नवी झडप गुरांच्या पिशवीची आहे. डॉक्टरांना यांनी विचारलं, दुसरं जनावर नाही का. म्हणजे माझ्या नवऱ्याला तुमच्याकडून शर्यत हरण्यापेक्षा मरण बरं वाटतं. शिकल्या-सवरल्या घराण्यात पडले मी, दुसरं काय. दुसरं कारण मात्र मला समजत नाही. म्हणतात, मोन्तेविदेओत फार शांत असतं. अख्ख्या देशाचं निम्मं माणूस तिथे राहतं, तिथे कसली शांतता? तुम्हाला काही उमगलं तर बघा.

माया आहे, आणि ती तुम्ही काहीतरी कराल या आशेवर टिकून आहे.

झुल्मा

*

मोन्तेविदेओ,
२४ मार्च २०१७

आदरणीय दादास,
अल्सिदेसचा नमस्कार.

चीज पोचलं. वाल्दिरने या वेळी फक्त पाव हिस्सा खाल्ला, देव त्याचं भलं करो. तुझ्या डुकराचं मनापासून अभिनंदन. तू जिंकलास, हे मी मान्य करतो.

तुला काळजी नको म्हणून आधी लिहिलं नाही, पण माझं वासरू थकलं आहे. मागच्या पत्रात बगळ्यापर्यंत पोचलो असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. नवी झडप बसवावी लागेल, शिरेतून. २० एप्रिल ठरली आहे. मोठं काही नसतं, असं सगळे सांगतात.

एक मागणं आहे. माझी बायको गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कोणी नाही हे तू जाणतोस. आत नेतील तेव्हा बाहेर आपलं कोणी बसलेलं असावं, एवढंच. १८ तारखेला आलास तर तुझ्यासाठी आतली खोली तयार ठेवतो. खिडकीतून समुद्र दिसतो. वहिनीला त्रास नको, तू एकटा आलास तरी चालेल.

तुझा लोभ मला नेहमीच पुरला आहे, आताही पुरेल.

अल्सिदेस

*

ओढ्याकाठचं घर,
१ एप्रिल २०१७

अल्सिदेस,
आशीर्वाद नंतर. आधी हिशेब.

थापा मारायला बाबांकडून शिकलास, पण अर्धंच शिकलास. बाबा थाप मारताना आवाज चढवायचे. तू सभ्य होतोस. चौऱ्याहत्तर वर्षांत तू मला पहिल्यांदा ‘आदरणीय’ म्हणालास. हरलो म्हणून लिहिलंस, तेही पहिल्यांदाच. आऊरेलियाबाईंच्या वर्गात दोघांच्या एकाच पाटीवरची बेरीज चुकली होती, तेव्हाही तू पाटीची चूक आहे म्हणून सांगितलं होतंस. आणि मागच्या पत्रात पाववालीने केलेला तुझ्या कवितेचा अपमान होता. असला अपमान माणूस बनवून लिहीत नाही. म्हणजे तू बगळ्यापर्यंत गेला होतास, आणि तुझं वासरू ठणठणीत आहे.

उरली माझी बायको. ती तीन दिवस घरात शिट्टी वाजवत हिंडते आहे. तिने कधी शिट्टी वाजवली? कुत्री बिचारी प्रत्येक वेळी उठून दाराशी जाते.

तेव्हा तुम्हा दोघांची जोडी उघडी पडली आहे. पानं खाली ठेवा.

मी येणार नाही. कारण हवं असेल तर देतो, पुन्हा मागू नकोस. बाबांना दुसऱ्यांदा मोन्तेविदेओच्या रुग्णालयात नेलं तेव्हा तू परीक्षेचे पेपर तपासत होतास, सोबत मी होतो. दुपार होती. वॉर्डात सगळे झोपलेले. मी खिडकीत बसून विडी वळत होतो, आणि तो आवाज कानावर पडत होता तसा, सवयीने, न ऐकता. विडी वळून झाली. मग लक्षात आलं की खोलीत शांत आहे. कधीपासून, ते मला माहीत नाही. त्या शहरात येऊन त्याच कुठल्यातरी खाटेवर मी पडायचं, आणि खिडकीत तू बसायचास, आणि माझ्या मुक्या डुकराकडे कान लावायचास? ऐकू तरी काय येणार तुला?

तू थाप मारतो आहेस हे मला शंभर टक्के ठाऊक आहे. नव्व्याण्णव म्हण. वाईट एवढंच की तुझ्यात ती पिंजऱ्यातली गोळी नाही, नाहीतर फोन लावून, तुला छातीवर धरायला सांगून, एका मिनिटात निकाल लावला असता. या नव्या झडपांत प्रगती कसली ते मला अजून कळलेलं नाही. बाप बरा होता. खोटं बोलला की ऐकू यायचं.

येणार नाही. हा शेवटचा शब्द.

जो काही लोभ होता तो चीजमध्ये गेला.

ओलेगारियो

*

मोन्तेविदेओ,
१८ एप्रिल २०१७, संध्याकाळ

झुल्मा वहिनीस,
हरलेल्या जोडीदाराचा नमस्कार.

हे पत्र उद्याच्या बसने निघेल, म्हणजे तुमच्या हाती पडेल तोवर सगळं उरकलेलं असेल. दादासाठी आतली खोली तयार आहे. खाटेवर नवी चादर घातली, उशाशी मॅटेचा तुंबा ठेवला, त्याला लागते तशी कडू पत्ती आणली, समुद्रही खिडकीत जागच्या जागी आहे. एवढी तयारी केल्यावर माणूस मूर्ख दिसतो हे मी विसरलो होतो. आता आरशाने आठवण करून दिली.

डॉक्टरीणबाईंशी पुन्हा बोललो, दादाचं कामही त्याच करणार आहेत. उद्या सकाळी दहापर्यंत त्याची जागा राखून ठेवतील, पुढे ती दुसऱ्या कोणाला जाईल. जुन्या झडपेच्या आत नवी बसवणं त्यांच्या हाताला सवयीचं आहे, म्हणाल्या. डुकराच्या आत वासरू. मी त्यांना विचारलं की मग शर्यतीचा निकाल काय धरायचा. त्या म्हणाल्या की शर्यत त्यांच्या विषयात येत नाही, पण दोन जनावरं एका माणसाला उचलत असतील तर माणसाने निदान रुग्णालयापर्यंत आपल्या पायांनी यावं. हे वाक्य मी दादाला लिहिणार होतो. मग वाटलं, त्याचा शेवटचा शब्द आला आहे, आणि तो माणूस एकदा पान टाकलं की उचलत नाही.

वॉर्डाची गोष्ट मला ठाऊक नव्हती, वहिनी. तुम्ही विचारलं होतं ना, मोन्तेविदेओत शांत कसं. बाबांची गोळी थांबली तेव्हा तो एकटा जवळ होता. एकेचाळीस वर्षं हे त्याने मला सांगितलं नाही, आणि मी दर मार्चला त्याला बाबांच्या टक्‌टक्‌च्या गमती लिहून पाठवत राहिलो. मला वाटायचं की तो हसत असेल.

तुम्ही काल फोनवर म्हणालात की तो गुरांच्या लिलावाला गेला आहे, इस्त्रीचा सदरा घालून, रात्री मुक्कामाला. जाऊ द्या. त्या पायांनी लिलावात उभा राहिला तर त्यालाच गुरांच्या रांगेत धरतील. पण दात पाहून कोणी बोली लावायचं नाही, हा एक दिलासा. आला की त्याला रागावू नका. मी उद्या दहाला रुग्णालयात फोन करून जागा सोडून देतो आणि…

थांबा. खाली जिन्यात काहीतरी गलका आहे. आमची लिफ्ट ईस्टरपासून बंद आहे, सोसायटीच्या कृपेने; येणारा-जाणारा प्रत्येक जण पहिल्या मजल्यावर येऊन शिव्या देतो, तसंच असेल.

नाही. शिव्या नव्हेत, यमकं आहेत.

उठा गवताच्या लेकरांनो, उजाडले रानात…

पहिल्या मजल्यावर थांबलं. शांत आहे. वहिनी, इतकं शांत आहे की मी लेखणी उचलून कान देतो आहे, आणि मला माझ्याच छातीतलं ऐकू येतंय, मुक्या वासराचं!

पुन्हा सुरू झालं. धुक्याची दुलई… दर शब्दाला एक पायरी. नियमाप्रमाणे हे बाद आहे, मध्ये थांबायचं नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं की आजोबा, कोणाकडे जायचंय, पाणी देऊ का. धापेत उत्तर मिळालं की वरच्या मजल्यावर भाऊ मरायला टेकलाय. पाणी परत येताना घेईन. आणि तो मरत नसेल तर हे काम मलाच करावं लागेल. बाईंनी घाईने दार लावून घेतलं.

चिखलाचं कडवं सुरू झालंय. संपलं नाही. आता फक्त कापलेल्या टाचांच्या चपला ऐकू येताहेत, दगडावर घासत, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरी. मी उठून धावत जायला हवं, पण मी गेलो तर त्याला दिसेल की मला धावता येतं.

माझ्याच मजल्यावर आला. बाहेर कोणी तरी भिंतीला टेकून श्वास गोळा करतंय.

टक्… टक्… टक्. दारावर.

दार उघडतो, वहिनी. पत्र तसंच पाठवतो.

अल्सिदेस